उसनी श्रद्धा घेतलीय का कुणी?

पावसाळी_छत्री (ठाणे)
सोमवार, रात्री ११.५२

लिहू की नको असं दोन महिने चाललंय, आज लिहूनच टाकते. मोठं होईल, कंटाळा आला तर सोडून द्या.

मार्चमध्ये माझा धाकटा भाऊ गेला. ३६ वर्षांचा. नेरुळला राहायचा, ऑफिसला निघताना बूट घालता घालता खाली बसला तो उठलाच नाही, ब्रेन हॅमरेज. २३ दिवस आयसीयू, आणि मग नाही.

ते २३ दिवस आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये काढले. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांना माहितीय, त्या एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या, एसी इतका की आई दोन शाली घेऊन बसायची, सकाळ-संध्याकाळ एकेक पास, पाच मिनिटं, गाऊनच्या नाड्या मागून बांधून देणारी मावशी. आईची रामरक्षा चालू. आणि मी? मी रोज आंघोळ झाली की अथर्वशीर्ष म्हणणारी, सात वर्षांची असल्यापासून, आजोबांनी पाठ करून घेतलेलं. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले आता फक्त वाट बघायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणायला बसले तर पहिल्या ओळीच्या पुढे शब्दच येईनात. विसरले नव्हते. येतच नव्हते. देवावर राग पण नव्हता हो, राग असता तर भांडले तरी असते. नळ सोडावा आणि पाणी नाही, नुसता फुस्स आवाज, तसं.

आता खरी गोष्ट. मी ठाण्याहून कोपरखैरणेला जाते नोकरीला, आमचा ट्रेनचा ग्रुप आहे, ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मवर भेटतो. एक चरईची, मराठी ख्रिश्चन. एक मुंब्र्याची, कोकणी मुसलमान, ती ठाण्याला गाडी बदलते. आणि ऑफिसात एक घणसोली गावातली आगरी मैत्रीण, तिच्या घरात तीन पिढ्यांची माळ.

चरईवालीला मी फोनवर सांगितलं की मला प्रार्थना जमत नाहीये. मला वाटलं ती म्हणेल प्रयत्न कर, विश्वास ठेव. ती म्हणाली, "नाही जमत ना, मग नको करूस. तुझ्या वाटची मी करते." बस. एवढंच. परत तो विषय काढला नाही तिने.

मुंब्र्याची आली तेव्हा रोजे चालू होते. दुपारी दोनला येऊन आईशेजारी बसली ती संध्याकाळपर्यंत, ना पाणी ना काही. मधेमधे ओठ हलायचे तेवढेच. आईने बघितलं की ही काही खात नाही, मग तिच्या लक्षात आलं, आणि माझी आई, जिने आयुष्यात परजातीच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं (खोटं कशाला बोलू), ती हॉलमधल्या लोकांना विचारत फिरत होती की आज सूर्यास्त कितीचा. आईच्याच बाटलीतल्या पाण्याने तिने रोजा सोडला. दुसऱ्या दिवसापासून आईच्या पिशवीत खजुराचं पाकीट असायचं, ती येवो न येवो.

घणसोलीची तर काही बोलायचीच नाही. डबा उघडायची, तांदळाची भाकरी, चवळीची भाजी, वर मिरचीचा ठेचा, आणि, "बाय, आदी खा." मी खायला लागले की ती तुळशीच्या मण्यांवरून बोट फिरवत बसायची.

भाऊ वाचला नाही. म्हणजे हा चमत्काराचा धागा नाही. पण मी त्या २३ दिवसांत वेडी झाले नाही आणि त्यानंतरही नाही, ते या तिघींमुळे. आणि नुसती सोबत होती म्हणून नाही, सोबत द्यायला नातेवाईक पण होते पंधरा. या तिघींना खात्री होती की कुणीतरी ऐकतंय, आणि त्या खात्रीला मी टेकून बसले होते, भिंतीला बसतो तसं.

साखर संपली की आपण शेजारी वाटी घेऊन जातो ना, तसं काहीतरी. प्रश्न असा की अजूनही माझी वाटी उसनीच आहे. देव्हाऱ्यात दिवा आईच लावते. तुमचं कुणाचं झालंय का असं? आणि याला श्रद्धा म्हणायचं का?

---

मधला_डबा
सोमवार, रात्री १२.१०

खजुराच्या पाकिटाशी थांबले. उद्या लिहिते.

---

शंकासुर (नौपाडा)
मंगळवार, सकाळी ८.०५

ताई, आधी मनापासून वाईट वाटलं. आता जे लिहितोय ते तुम्हाला टोचावं म्हणून नाही.

तुम्ही जे सांगताय त्यात देव कुठे आहे ते मला दिसत नाही. तीन चांगल्या मैत्रिणी दिसतात. भाकरी दिसते. उद्या त्यातली एखादी माझ्यासारखी नास्तिक असती आणि असाच डबा घेऊन आली असती तर?

प्रार्थनेचं म्हणाल तर अमेरिकेत त्यावर रीतसर अभ्यास झालाय, २००६ साली छापून आला, बायपास झालेले १८०२ पेशंट. काहींसाठी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, फरक पडला नाही. उलट ज्यांना पक्कं सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चाललीय त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्त, ५९ टक्के विरुद्ध ५२.

आणि माझा राग कशावर आहे तेही सांगतो. वडिलांना कॅन्सर होता तेव्हा एका ओळखीच्यांनी एका 'महाराजां'कडे नेलं, ११ गुरुवार सांगितले, मग अजून ११, दर वेळी पाकीट. बाबा गेल्यावर तोच माणूस आईला म्हणतो, कुठेतरी श्रद्धा कमी पडली. माझी आई अजून, आज नऊ वर्षं झाली, मधेच विचारते, मी एक गुरुवार चुकवला होता ना रे? तर मित्रांच्या श्रद्धेचं हे दुसरं टोक पण असतं.

---

चरईकरीण
मंगळवार, सकाळी ९.३१

छत्रीताई, तुमची चरईवाली मी नाही हं, पण चरईत आमची घरं बरीच आहेत, ओळखीची निघेल कदाचित :)

शंकासुर, तुमच्या आईचं वाचून पोटात ढवळलं. "श्रद्धा कमी पडली" हे वाक्य आमच्या मंडळीतही बोलणारे आहेत, वेगळे शब्द वापरतात इतकंच. माझ्या बहिणीला दोनदा गर्भपात झाला तेव्हा तिला ऐकवलं होतं एका बाईंनी. त्यानंतर ती वर्षभर उपासनेला आली नाही आणि पाळकसाहेबांनी तिला एकदाही 'या' म्हटलं नाही, फक्त दर रविवारी संध्याकाळी येऊन चहा पिऊन जायचे.

छत्रीताईंच्या प्रश्नावर. मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात एक गोष्ट आहे. पक्षघात झालेला एक माणूस, त्याला चौघे जण बाजेवर घालून आणतात, दारात इतकी गर्दी की आत जाता येत नाही, मग ते छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात. पुढे काय लिहिलंय तर येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. त्यांचा. त्या पडलेल्या माणसाला विश्वास होता की नव्हता, त्याला छप्पर फोडलेलं पसंत होतं की नाही, काहीच लिहिलेलं नाही. तो गोष्टीभर एक शब्द बोलत नाही. मला लहानपणी प्रश्न पडायचा की छप्पर कुणी दुरुस्त करून दिलं, तो वेगळा.

तर उसनं चालतं. निदान तिथे तरी चाललं होतं.

आणि त्या अभ्यासाबद्दल. मी पण वाचलंय त्याविषयी. प्रार्थना करणाऱ्यांना पेशंटचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं. ओळख ना पाळख. त्यांच्यातल्या कुणी शेजारी बसून रोजा नव्हता धरला.

---

शंकासुर (नौपाडा)
मंगळवार, सकाळी ९.५०

आद्याक्षराचा मुद्दा मान्य. पण मग तुम्ही माझंच म्हणताय, की काम शेजारी बसण्याने झालं.

---

चरईकरीण
मंगळवार, सकाळी ९.५८

आणि ती शेजारी का बसली होती? :) जाऊ दे, ऑफिसला पोचले.

---

ऐरोली_वाचनालय
मंगळवार, दुपारी १.४४

मी बौद्ध. आमच्यात ईश्वर हा विषयच नाही, म्हणून आधी वाटलं आपण यात पडू नये. पण शरण हा शब्द तर आमच्या रोजच्या तोंडातला, त्रिसरण लहान पोरांना पण पाठ असतं. बुद्ध, धम्म आणि तिसरा संघ. म्हणजे बघा, शरण जायच्या जागा तीनच सांगितल्या आणि त्यातली एक माणसांची. आता संघ म्हणजे मूळ भिक्खू संघ हे बरोबर, पण आमचा बाप गेला तेव्हा वस्तीतले जे बारा-पंधरा जण पांढरे कपडे घालून रोज संध्याकाळी येऊन वंदना घ्यायचे, माझ्यासाठी तोच संघ. मी तेव्हा १९ वर्षांचा, भिंतीकडे तोंड करून बसायचो, म्हणायचो काही नाही. एकाने माझे हात धरून जोडले नाहीत की मान वाकवली नाही. १०-१२ दिवसांनी एक दिवस लक्षात आलं की माझा पण आवाज त्यात आहे.

बुद्धांचा शिष्य आनंद, त्याची एक गोष्ट आहे संयुत्त निकाय या पाली ग्रंथात. आनंद बुद्धांना म्हणतो, चांगले मित्र मिळणं म्हणजे या मार्गावरचं अर्धं काम झालं. बुद्ध म्हणतात असं म्हणू नकोस आनंदा, अर्धं नाही, सगळंच. कल्याणमित्र असा शब्द आहे त्याला.

---

आज्जी_घंटाळी
मंगळवार, दुपारी ४.२०

बाळ, सगळं वाचलं, चष्मा दोनदा पुसून. मी ७१ वर्षांची, टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

हे गेले त्याला सहा वर्षं झाली. मी आधी रोज कौपिनेश्वरला जायचे. ते गेल्यावर पाऊल उचलेना, तलावपाळीपर्यंत यायचे आणि बाकावर बसून परत. आमच्या चौघीजणी ठरलेल्या. त्या दर्शन घेऊन यायच्या आणि जाताना माझ्या हातावर प्रसादाचा एक साखरफुटाणा आणि एक बेलाचं पान ठेवायच्या. 'चल आत' कुणी म्हणालं नाही. आठ महिने. विचार कर, आठ महिने रोज एक बेलाचं पान, मी ते पर्समध्येच ठेवायचे, पर्सचा नुसता पाला झाला होता. मग श्रावणात एका सोमवारी एवढी रांग होती आणि त्यातली एक, तिचे गुडघे गेलेले, ती म्हणाली, तू माझ्या जागी रांगेत उभी रहा गं मी जरा बसते. मी राहिले उभी. पिंडीपर्यंत पोचले तरी ती आलीच नाही! नंतर कळलं की चौघींचं संगनमत होतं.

बाकी घरी येऊन प्रारब्ध, भोग, मागच्या जन्मीचं देणं असलं सांगून जाणाऱ्यांना मी चहाच देत नव्हते.

---

मधला_डबा
मंगळवार, संध्याकाळी ७.०२

आज्जी 😂🙏 संगनमत!

मी लिहिते म्हणाले होते. माझं उलट झालं. घटस्फोटाच्या वेळी एक मैत्रीण रोज सकाळी सहाला मेसेज पाठवायची, आज हा मंत्र, आज ती पोथी, आज पिवळे कपडे, आणि संध्याकाळी हजेरी, केलंस का? तिची माया होती यात शंका नाही. पण मला ती घरपट्टीच्या वसुलीला आल्यासारखी वाटायला लागली. शेवटी नंबर म्यूट केला. उसनं देणाऱ्याने रोज आठवण करून दिली की ते कर्ज होतं. छत्री, तुझ्या तिघींनी काही मागितलं नाही, तिथे फरक आहे असं मला वाटतं.

---

खाडीपलीकडला
मंगळवार, रात्री ९.१५

चोखोबांची आठवण कशी नाही आली कुणाला? मंगळवेढ्याला भिंत कोसळून त्याखाली मजूर दबले, त्यात चोखोबा, १३३८ सांगतात. नामदेव तिथे गेले आणि ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या. कथा अशी की ज्या हाडाला कान लावला की विठ्ठल विठ्ठल ऐकू येई ते चोखोबांचं. समाधी महाद्वारासमोर. नामदेवांची पायरी पण तिथेच. मित्र असावा तर असा.

---

ऐरोली_वाचनालय
मंगळवार, रात्री ९.४०

समाधी महाद्वारासमोर, म्हणजे बाहेर. जिवंतपणी आत घेतलं नाही, हाडं पण उंबऱ्याबाहेर. पुढे १९४७ ला साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा दार उघडलं. मित्राबद्दल माझी तक्रार नाही, नामदेवांबद्दल आदरच आहे. पण ही गोष्ट सांगताना दाराबद्दल पण सांगत जा दादा.

---

खाडीपलीकडला
मंगळवार, रात्री ९.४७

बरोबर आहे. सांगायला हवं होतं.

---

घणसोलीचा_माळकरी
बुधवार, पहाटे ५.२०

राम कृष्ण हरी. मी या धाग्यावर सोमवारपासून आहे, लिहायचं काय ते कळत नव्हतं. आता काकड्याहून आलोय तर लिहितो.

आमच्या गावातल्या मंदिरात सध्या अखंड हरिनाम सप्ताह बसलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सात दिवस. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, अठरा अध्याय सात दिवसांत बसवायचे, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, मग जागर. आणि या सगळ्याच्या मधे एक वीणा असते. ती पहिल्या दिवशी गळ्यात घातली की सात दिवस खाली ठेवायची नाही. रात्री तीनला पण कुणाच्या तरी गळ्यात ती असते आणि तो उभा असतो, तार छेडत, नाव घेत. ऐकायला कधी कधी कुत्रं पण नसतं.

आता एक माणूस सात दिवस उभा राहू शकत नाही. म्हणून पहारे असतात, दोन-दोन तासांचे. फळ्यावर खडूने नावं लिहिलेली. तुझा पहारा संपला की पुढचा येतो, तुझ्या पाया पडतो, तू त्याच्या पडतोस, आणि गळ्यातून गळ्यात वीणा जाते. तेवढ्यात पण तार थांबवायची नाही, एकाचा हात सुटायच्या आत दुसऱ्याचा पडतो.

माझा मुलगा चार वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर रोडला बाइकवरून गेला. २२ वर्षांचा होता. त्या साली फळ्यावर माझं नाव होतं, रात्री १२ ते २. मी गेलो नाही. घरात अंधार करून पडलेलो. दोन वर्षं नाही गेलो. तिसऱ्या वर्षी सहज देवळावरून जाताना फळा बघितला तर १२ ते २ ला माझंच नाव. मी विचारलं हे जुनं पुसलं नाही का? तर म्हणाले नाही, दर वर्षी लिहितो, आणि त्या वेळेला उभा राहतो कुणीतरी तुझ्या नावाने. पहिल्या साली माझा चुलता, दुसऱ्या साली भाजीचा गाळा आहे ना एपीएमसीत, तो आमचा मित्र, रात्री मार्केटला जायच्या आधी दोन तास उभा राहून मग गेला.

ताई, तुम्ही विचारलं याला श्रद्धा म्हणायचं का. मला शास्त्र माहीत नाही. आमच्याकडे दोन वर्षं वीणा चालू होती आणि माझं नाव फळ्यावर होतं, एवढं मला माहितीय.

---

शंकासुर (नौपाडा)
बुधवार, सकाळी ८.३०

माळकरी दादा, नमस्कार. यावर माझ्याकडे वाद घालायला काही नाही. घालायचाही नाही.

---

चरईकरीण
बुधवार, सकाळी ८.४४

🙏 अवांतर वाटेल पण राहवत नाही. आमच्यात नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई नाही झाल्या. पाच वर्षं. तेव्हा काय काय सोसलं असेल त्या बाईने. मग स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला, १९०० साली. सांगायचं हे की नवऱ्याची श्रद्धा आयती समोर होती, तरी ती अंगावर घालून नाही चाललं, ज्याच्या-त्याच्या वेळेने येतं ते. छत्रीताई, घाई नका करू.

---

पावसाळी_छत्री (ठाणे)
बुधवार, रात्री १०.३७

सगळ्यांचं वाचलं. ट्रेनमध्ये वाचत होते, माळकरी दादांचं वाचताना रबाळे कधी गेलं कळलंच नाही.

शंकासुर, तुमच्या आईला माझ्याकडून सांगा, एक गुरुवार चुकला म्हणून कुणी जात नाही. आम्ही एकही चुकवला नव्हता. आणि तुमचा प्रश्न, की नास्तिक मैत्रीण डबा घेऊन आली असती तर. खाल्ला असता की. पण रात्री अडीचला, घरी, झोप लागत नसताना मला जे आठवायचं ते भाकरी नव्हतं, आठवायचं ते हे की आत्ता चरईत कुणीतरी माझ्या वाटची प्रार्थना करतंय. ती तेव्हा झोपलेली असणार हे मला माहीत होतं. तरी.

मी आज घणसोलीच्या मैत्रिणीला विचारलं तुमच्याकडे सप्ताह बसलाय का. म्हणाली हो, का गं? मी म्हटलं सांगितलं नाहीस. तर म्हणे, "तुला कशाला त्रास." मग मी विचारलं फळ्यावर माझं नाव आहे का. ती नुसती हसली आणि कॅन्टीनचं कूपन फाडत बसली.

माळकरी दादा, बायकांना पहारा असतो का?

---

घणसोलीचा_माळकरी
गुरुवार, पहाटे ५.३५

असतो की. बायकांचे आमच्याकडे दुपारचे. उद्या, म्हणजे शुक्रवारी, २ ते ४ मोकळा आहे, एक मावशी गावाला गेल्यात. मैत्रिणीलाच घेऊन या, तिला सगळं माहीत असेल.

---

पावसाळी_छत्री (ठाणे)
गुरुवार, सकाळी ८.१९

मला वीणा धरता येत नाही. आणि दादा, खरं सांगते, तोंडातून नाव येईल की नाही ते पण माहीत नाही. पहिल्या ओळीपुढे गेले नाही अजून.

---

घणसोलीचा_माळकरी
गुरुवार, सकाळी ८.४०

वीणा धरायची नसते, गळ्यात असते, एका बोटाने तार छेडायची बस. नाव नाही आलं तर टाळवाल्या बायका बसलेल्या असतात समोर, त्या म्हणतात. पाय दुखतील, सवय नाही तुम्हाला, पोटात काहीतरी घालून या. आणि चारला पुढची येईलच. उशीर झाला तर मी आहे तिथेच, आचाऱ्याकडे.

---

आज्जी_घंटाळी
गुरुवार, सकाळी ११.१५

सुती साडी नेस गं, घाम येतो उभं राहून.

---

पावसाळी_छत्री (ठाणे)
गुरुवार, रात्री ९.०३

हाफ डे टाकलाय दोघींनी. चरईची पण येते म्हणाली, टाळ वाजवायला नाही, बघायला. मुंब्र्याची म्हणते चप्पल सांभाळते तुमच्या तिघींच्या.

साहेब विचारतायत दोघींना एकदम कसला हाफ डे.

---

शंकासुर (नौपाडा)
गुरुवार, रात्री ९.०६

दाताचा डॉक्टर सांगा. कुणी पुढे विचारत नाही.